फॉलोअर्स वाढतायत पण ऑर्डरी तेवढ्याच: आधी रील की आधी रिसर्च?

प्रश्न थोडक्यात असा आहे की लॅपटॉप बॅगांचा छोटा ब्रँड आहे, वर्षभर रोज एक रील जातेय, फॉलोअर्स छान वाढलेत पण ऑर्डरी होत्या तिथेच आहेत, आणि आता एकजण म्हणतोय रोज दोन रील टाका आणि दुसरा म्हणतोय आधी मोठा सर्व्हे करून घ्या, तर यातलं आधी काय करायचं. मी बरीच वर्षं हेच काम करतेय, छोट्या ब्रँडसाठीही आणि मोठ्यांसाठीही, म्हणून जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

माझं म्हणणं, आत्ता दोन्ही करू नका. रील निम्म्यावर आणा, सर्व्हे दोन महिने पुढे ढकला, आणि जो वेळ सुटेल तो ज्यांनी तुमच्याकडून बॅग घेतलीय त्यांच्याशी फोनवर बोलण्यात घाला. कंटेंट आणि मार्केट रिसर्च ही दोन वेगळी कामं आहेत असं धरून चालल्यामुळेच बहुतेक ब्रँड अडकतात. रिसर्चमधून आलेलं बोलणं पोस्टमध्ये जायला हवं आणि पोस्टवर आलेलं उत्तर परत रिसर्चमध्ये, हे चक्र फिरत नसेल तर रील दोन केल्या काय नि चार केल्या काय, आपल्याच मनाने आपण बोलत राहतो.

फोनवर काय विचारायचं हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून इथे जरा थांबते. "तुम्हाला आमची बॅग कशी वाटली", "असा नवा कप्पा दिला तर घ्याल का" असले प्रश्न विचारूच नका. समोरचा माणूस चांगुलपणाने हो म्हणतो, त्याचं काही जात नाही, आणि तुम्ही त्या हो वर माल बनवायला घेता. लोकांना पुढे आपण काय करू ते नीट सांगता येत नाही, पण मागे काय केलं ते बऱ्यापैकी सांगता येतं. म्हणून घडलेलं विचारा. ज्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की नवी बॅग हवी त्या दिवशी काय झालं होतं? त्याआधी कुठली वापरत होतात, तिचं काय बिनसलं? आमच्याशिवाय अजून काय काय बघितलं? कार्टमध्ये टाकून लगेच पैसे भरले की थांबलात, थांबलात तर कशासाठी? घरी आल्यावर कुणाला दाखवली, ते काय म्हणाले? आणि उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही, दोन क्षण गप्प राहायचं, खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या गप्प राहण्यानंतरच बाहेर येते.

परवानगी घेऊन कॉल रेकॉर्ड करा आणि लोकांचे शब्द जसेच्या तसे उतरवा, तुमच्या भाषेत सुधारून लिहू नका. तुम्ही पेजवर लिहिता "ऑर्गनाइज्ड स्टोरेज" आणि तो माणूस म्हणतो "मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर चार्जर शोधत बसावं लागतं हो". तुम्ही लिहिता "प्रीमियम वॉटर रेझिस्टंट फॅब्रिक" आणि ती म्हणते "भिजला तर ऑफिसचा लॅपटॉप आहे, भरून मला द्यावा लागेल". आता सांगा, रीलचं पहिलं वाक्य यातलं कुठलं असायला हवं? हे वाक्य कुठलीही एजन्सी बसल्या जागी लिहून देऊ शकत नाही, ते ग्राहकाच्या तोंडूनच येतं.

किती जणांशी बोलायचं असं विचाराल तर आकडा ठरवून बसू नका. बोलत राहा, आणि सलग काही कॉलमध्ये नवीन काहीच कळत नाही, तीच तीन चार कारणं फिरून फिरून येतायत असं झालं की थांबा, एका प्रकारच्या ग्राहकासाठी बहुतेक वेळा दहा ते वीस बोलण्यांत तिथवर पोचता येतं. मात्र फक्त खूश असलेल्यांना फोन करू नका. ज्यांनी बॅग परत केली, ज्यांनी डीएममध्ये किंमत विचारली आणि पुढे गायब झाले, जे एकदाच घेऊन परत आले नाहीत, त्यांना आवर्जून विचारा. हे कॉल करायला जड जातात मान्य आहे, पण सगळ्यात जास्त तिथेच कळतं.

आता कॉमेंट आणि पोलबद्दल. बरेच जण म्हणतात आम्ही रोज ऐकतोच की लोकांचं, स्टोरीवर पोल टाकतो, कॉमेंट वाचतो. वाचा, जरूर वाचा, पण तिथे कोण बोलतंय ते लक्षात ठेवा. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ नियम मांडला होता, साधारण ९० टक्के लोक नुसतं बघतात, ९ टक्के अधूनमधून काहीतरी करतात आणि उरलेला १ टक्का बहुतेक सगळं बोलणं करतो. आकडे जागेनुसार कमीजास्त होतात पण प्रकार तोच दिसतो. म्हणजे कॉमेंटमधला आवाज हा त्या थोड्या लोकांचा आहे, आणि तुमच्या बॅगा घेणारे कदाचित एकदाही लाइक न करता गुपचूप ऑर्डर टाकून गेलेत.

संख्या मोठी असली म्हणजे उत्तर बरोबर असतं असंही नाही. १९३६ च्या अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या मासिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून त्यांनी सांगितलं की रूझवेल्ट यांच्या विरोधातले उमेदवार लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्यामानाने अगदी छोटं सॅम्पल घेऊन विजेता बरोबर सांगितला होता. मासिकाची नावं टेलिफोन डिरेक्टरी, गाड्यांची नोंदणी असल्या याद्यांतून आलेली होती, मंदीच्या काळात फोन आणि गाडी असणारे लोक वेगळे होते, शिवाय उत्तर पाठवायची तसदी घेणारेही वेगळे होते. तुमचा स्टोरी पोल नेमका असाच आहे, आधीच फॉलो करणारे, त्यातले त्या दिवशी स्टोरी उघडणारे, त्यातले बोट लावणारे. दोन रंगांतला तुमच्या चाहत्यांना कुठला आवडतो हे बघायला पोल ठीक आहे, पण नवीन मॉडेल काढायचं की नाही हे पोलवर ठरवू नका.

सर्व्हेचं गणितही इथेच सांगून टाकते. १०० जणांच्या उत्तरात साधारण १० टक्के इकडे तिकडे होऊ शकतं, ४०० मध्ये ५ टक्के, १००० मध्ये ३ टक्के, पण हे सगळं तेव्हाच जेव्हा माणसं खरोखर रँडम, म्हणजे प्रत्येकाला सारखीच संधी देऊन, निवडलेली असतात. आपल्या फॉलोअर्सना लिंक पाठवून जमवलेल्या ४०० उत्तरांना हा हिशोब लागूच होत नाही, आणि तरी रिपोर्टमध्ये तो सर्रास छापलेला असतो, त्यामुळे कुणी असा रिपोर्ट दिला तर आधी विचारा की ही माणसं आणली कुठून.

आणि प्रश्न चुकला तर सॅम्पल कितीही चांगलं असून उपयोग नाही. कोका कोलाने १९८५ मध्ये नवीन चवीचा कोक आणायच्या आधी सुमारे २ लाख लोकांकडून चव तपासून घेतली होती, आणि लोकांनी नवी चव खरंच जास्त पसंत केली. तरी ७९ दिवसांत जुना कोक परत आणावा लागला. चाचणीत घोट घेऊन कुठलं बरं लागतं हे विचारलं गेलं, पण लोकांसमोर जो निर्णय येऊन पडला तो "तुमचं नेहमीचं पेय आता मिळणार नाही" असा होता. तुम्हीही सर्व्हे लिहाल तेव्हा आधी कागदावर लिहा की या उत्तरावरून मी नेमकं काय बदलणार आहे, आणि मग प्रश्न त्या निर्णयाएवढा मोठा आहे का ते बघा. ज्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी तुम्ही काहीच बदलणार नाही तो सरळ काढून टाका.

बरं, आता कंटेंटकडे. तुमच्या रील बघणाऱ्यांतले बहुतेक आज बॅग घेणारच नाहीयेत, आहे ती बॅग चांगली चाललीय त्यांची. मार्केटिंगवर संशोधन करणाऱ्या एरेनबर्ग बास इन्स्टिट्यूटचे जॉन डॉस यांनी २०२१ मध्ये बी टू बी, म्हणजे कंपन्यांनी कंपन्यांना विकायच्या, क्षेत्रासाठी ९५ आणि ५ असं सोपं करून सांगितलं होतं, कुठल्याही वेळी साधारण ५ टक्केच ग्राहक खरेदीच्या तयारीत असतात, बाकी ९५ नंतर कधीतरी. बॅगेसाठी आकडा वेगळा निघेल पण मुद्दा तोच राहतो. म्हणून प्रत्येक रीलच्या शेवटी "आत्ताच ऑर्डर करा" ओरडण्यात अर्थ नाही. ज्या दिवशी त्या माणसाला गरज पडेल त्या दिवशी तुमचं नाव त्याच्या डोक्यात यायला हवं, कंटेंटचं मुख्य काम हे आहे.

ते कसं करायचं ते तुमच्या त्या फोन कॉल्समध्ये सापडेल. पहिला प्रश्न आठवा, "त्या दिवशी काय झालं होतं". कुणाला नवीन नोकरी लागली होती, कुणाच्या जुन्या बॅगेची चेन भर रस्त्यात तुटली, कुणाला कंपनीने मोठा लॅपटॉप दिला आणि तो जुन्या बॅगेत बसेना, कुणाची पाठ दुखायला लागली, कुणी पहिल्यांदा कामासाठी विमानाने चाललं होतं. हे प्रसंग म्हणजे गिऱ्हाईक तुमच्या दारात शिरण्याची कारणं आहेत. त्यातले जे सगळ्यात जास्त वेळा आले ते तीन किंवा चार घ्या आणि सहा महिने फक्त त्यांच्यावर बोला. पाठदुखीवर एक रील करून सोडून द्यायची नाही, पट्टा किती रुंद हवा, वजन पाठीला चिकटून का ठेवायचं, जड वस्तू कुठल्या कप्प्यात, एका खांद्यावर घेतल्याने काय होतं, असं त्याच विषयाच्या आत आत जात राहायचं. लोकांना कंटाळा येईल ही भीती वाटते सगळ्यांना, पण तुमची प्रत्येक पोस्ट बघणारी एकच व्यक्ती आहे, तुम्ही स्वतः! बाकीच्यांना दहातली एखादीच दिसलेली असते.

ओल्ड स्पाइसचं उदाहरण मला यासाठीच आवडतं. त्यांना कळलं की पुरुषांचा बॉडी वॉश बऱ्याच घरांत बायकाच विकत आणतात, म्हणून २०१० च्या फेब्रुवारीत जी जाहिरात आली ती थेट बायकांशी बोलणारी होती. पुढे जुलैमध्ये त्यांनी लोकांनी सोशल मीडियावर विचारलेल्या गोष्टींना जाहिरातीतल्याच कलाकाराकडून छोट्या छोट्या व्हिडिओंत उत्तरं दिली, दोन तीन दिवसांत दीडशेच्या वर. सगळे त्या व्हिडिओंची गंमत आठवतात, पण विकत कोण घेतं हे आधी शोधलं नसतं तर ती गंमत चुकीच्या माणसाला सांगितली गेली असती. तुमच्याकडेही बघा, बॅग वापरणारा आणि पैसे देणारा एकच आहे ना? गिफ्ट म्हणून किती जातात? कंपनीवाले कर्मचाऱ्यांसाठी घेतात का? पत्ता आणि बिलाचं नाव वेगळं असलेल्या ऑर्डरी काढून बघितल्या तरी अंदाज येईल.

ग्लॉसियर या सौंदर्यप्रसाधनांच्या ब्रँडचंही तसंच आहे. आधी २०१० पासून ब्लॉग होता, तिथे बायका आपापल्या रोजच्या सवयी सांगायच्या, कंपनी २०१४ मध्ये आली, आणि २०१६ मध्ये आलेला त्यांचा फेस वॉश बनवताना वाचकांनाच विचारलं होतं की तुमच्या मनातला फेस वॉश कसा असेल. इथे मी वर म्हटलेल्याच्या उलट वाटेल, की पुढचं विचारू नका म्हणतेस आणि हे उदाहरण देतेस. पण त्यांनी चार वर्षं लोकांच्या खऱ्या सवयी ऐकल्या होत्या, त्या पायावर तो एक प्रश्न उभा होता, नुसत्या पोलवर काही ठरलेलं नव्हतं.

दिसण्याबद्दल थोडक्यात. रंग, अक्षरं, बॅग दाखवायची पद्धत, बोलणारा चेहरा किंवा आवाज, हे दर महिन्याला बदलू नका. गॅपने २०१० मध्ये लोगो बदलला आणि साधारण आठवड्याभरात जुना परत आणावा लागला, मोठ्या कंपनीलाही ओळख हलवणं इतकं महाग पडतं. ट्रेंडिंग ऑडिओ वापरायचा तर वापरा, पण ब्रँड पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येत नसेल तर रीच मिळेल, म्हणजे रील खूप लोकांपर्यंत पोचेल, आणि लक्षात तो ऑडिओ राहील.

मोजायचं काय, तर लाइक सगळ्यात शेवटी. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं होतं की रँकिंगमध्ये वॉच टाइम, रीचच्या तुलनेत लाइक आणि रीचच्या तुलनेत सेंड हे तीन महत्त्वाचे, आणि जे तुम्हाला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायला सेंड जास्त कामाला येतात. अल्गोरिदम उद्या बदलेल तो भाग वेगळा, पण सेंड आणि सेव्ह मला रिसर्चसाठीच फार मोलाचे वाटतात. कुणी रील मित्राला पाठवली म्हणजे "ही तुझीच गोष्ट आहे" असं वाटलं, आणि सेव्ह केली म्हणजे पुढे कधीतरी लागेल. महिन्याच्या शेवटी सेंड आणि सेव्हमध्ये वरच्या पाच रील काढा आणि त्यात कुठला प्रसंग, कुठलं वाक्य होतं ते लिहून ठेवा, सहा महिन्यांनी ती वही एजन्सीच्या कुठल्याही प्रेझेंटेशनपेक्षा जास्त कामाची असेल.

त्याच्या जोडीला तीन गोष्टी. एक, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे लोक काय शोधून तुमच्या साइटवर येतात ते दाखवणाऱ्या साधनात, बघा किती लोक तुमच्या ब्रँडचं नाव टाकून शोधतायत, हा आकडा हळूहळू चढत असेल तर ओळख वाढतेय. गूगल ट्रेंड्स तुमच्या आकाराच्या ब्रँडला नावासाठी फारसा उपयोगी नाही, तिथले ० ते १०० हे तुलनेचे आकडे असतात, खरी संख्या नसते, पण "लॅपटॉप बॅग" कुठल्या महिन्यात जास्त शोधली जाते ते तिथे छान कळतं. दोन, चेकआउटनंतर एकच प्रश्न ठेवा, आमच्याबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं, आणि उत्तर टाइप करू द्या. मित्राने डीएममध्ये पाठवलेली रील बघून दहा दिवसांनी घेणारा माणूस अॅनालिटिक्समध्ये "डायरेक्ट", म्हणजे कुठल्या लिंकशिवाय थेट आलेला, म्हणून दिसतो, तो या प्रश्नातच सापडेल. तीन, दुसऱ्यांदा घेणारे किती. हे सगळं महिन्याने बघा, रोज नाही. जाहिरातींच्या परिणामांचे अभ्यासक लेस बिने आणि पीटर फील्ड यांनी शेकडो कॅम्पेन तपासून हेच दाखवलंय की ऑफर आणि डिस्काउंटचा परिणाम लगेच दिसतो आणि लगेच उतरतो, ब्रँडचं काम सावकाश चढतं पण टिकतं, दोन्ही एकाच आठवड्याच्या पट्टीने मोजले की ब्रँडचं काम नेहमीच हरलेलं दिसतं आणि मालक ते बंद करून टाकतो. तुमच्या वर्षभराच्या रीलचं काही प्रमाणात हेही झालं असेल, पण तेवढंच कारण धरून बसू नका.

एक रील व्हायरल झाली म्हणून फॉर्म्युला सापडला असं समजू नका. तोच प्रसंग, तेच पहिलं वाक्य वेगवेगळ्या दिवशी तीन चार वेळा वेगळ्या शूटमध्ये करून बघा, प्रत्येक वेळी बरं चाललं तर त्यात दम आहे. आणि जाहिराती लावायच्या अॅड मॅनेजरमध्ये दोन अॅड शेजारी शेजारी लावून "ही जिंकली" म्हणताना सांभाळा, सिस्टिम प्रत्येक अॅड तिला जिथे क्लिक मिळतील असं वाटतं तिथल्या लोकांना दाखवते, त्यामुळे दोन्ही अॅड सारख्याच लोकांनी पाहिलेल्या नसतात. तिथला क्लिकचा फरक हा अंदाज म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको.

स्पर्धकांच्या रील बघून कॉपी करू नका, त्यांनी काय टाकलं ते दिसतं, काय विकलं ते दिसत नाही. त्याऐवजी त्यांचे रिव्ह्यू वाचा, आणि त्यातही दोन आणि तीन स्टारवाले. पाच स्टारवाला "मस्त" लिहून जातो, एक स्टारवाला बहुतेक कुरिअरवर चिडलेला असतो, मधले लोक नीट सांगतात की काय आवडलं आणि कुठे गाडी अडली. एका संध्याकाळी असे शंभर रिव्ह्यू वाचून त्यातली तक्रारींची वाक्यं वेगळी काढा, तुमच्या कॉल्समधल्या वाक्यांशेजारी ठेवा, जे दोन्हीकडे आहे तो तुमचा पुढच्या महिन्याचा विषय.

फॉलोअर्स आणि रिव्ह्यू विकत घेऊ नका, हे मी फार कळकळीने सांगतेय. फसवणूक तर आहेच, शिवाय स्वतःचीच माहिती तुम्ही खराब करता, नंतर इनसाइट्समध्ये कुठला माणूस खरा आणि कुठला खोटा हे तुम्हालाच कळत नाही आणि वरचं सगळं काम वाया जातं. तसंच ग्राहकाने फोनवर सांगितलेली गोष्ट त्याच्या नावानिशी वापरायची तर आधी विचारा, नाव न घेता फक्त भावना वापरली तरी माणूस ओळखू येणार नाही असं बघा. आणि ईमेल किंवा मेसेजची स्वतःची यादी परवानगी घेऊन आजपासून जमवा, छोट्या व्हिडिओंचं अॅप व्हाइन २०१७ मध्ये बंद झालं, गूगलचं सोशल नेटवर्क गूगल प्लस २०१९ मध्ये, तिथे जमवलेली माणसं तिथेच राहिली.

आता तो सर्व्हे. दोन महिन्यांनी, कॉल्स झाल्यावर, करायला हरकत नाही, कारण तेव्हा तुमच्याकडे पर्यायांत घालायला लोकांचीच वाक्यं असतील. जे तुमचे फॉलोअर किंवा ग्राहक नाहीत पण गेल्या वर्षभरात कुठलीतरी लॅपटॉप बॅग घेतलीय अशांना विचारा, पॅनेलवाल्याकडून, म्हणजे सर्व्हेसाठी माणसं पुरवणाऱ्या कंपनीकडून, माणसं घ्यावी लागतील, तिथे पैसे घाला. पहिला प्रश्न पर्याय न देता, "लॅपटॉप बॅग म्हटलं की कुठली नावं आठवतात", आणि तुमचं नाव सर्व्हेत त्याआधी कुठेही येता कामा नये. मग कुठल्या प्रसंगामुळे घेतली हे तुमच्या यादीतून निवडायला द्या आणि शेवटी "इतर" ला लिहायला जागा ठेवा. त्या "इतर" मध्ये बरेच जण एकच गोष्ट लिहितायत असं दिसलं तर तुमच्या कॉल्समधून एक प्रसंग सुटलाय, मग त्या लोकांपैकी काहींना परत फोन लावा. सहा महिन्यांनी हाच सर्व्हे, हेच प्रश्न, नवीन माणसं, एक शब्दही न बदलता.